तिलाही उपास होता

मंडळी, आज दुपारी मुलुंडला मी आणि ऑफिसमधली सुजाता इडली खायला गेलो होतो. एक प्लेट उरली, ती नेहमीसारखी पार्सल करून घेतली. मंदिराच्या गल्लीत एक म्हातारी भीक मागत फिरते, तिला द्यायला.

मी पिशवी पुढे केली. तिने ती घेतली नाही.

"आज संकष्टी ना बाई. मला उपास आहे."

सुजाता माझ्या कानाशी म्हणाली, "घ्या! यांना कसला गं उपास? नखरे नुसते." मी हसले. खरंच हसले.

म्हातारीने विचारलं, "चंद्र किती वाजता उगवतोय ओ आज?"

मी मोबाइलमध्ये बघून सांगितलं. तिने ती वेळ दोनदा पुटपुटली.

"बरं झालं सांगितलंत. सकाळपासून विचारतेय. तोंड उघडलं की सगळे म्हणतात, पुढे जा."

तेवढ्यात रिक्षा मिळाली. आम्ही बसलो, सुजाताने लगेच ऑफिसचा विषय काढला, मीही बोलत राहिले. पिशवी माझ्याच हातात राहिली होती, हे घरी आल्यावर कळलं. इडल्या फ्रीजमध्ये ठेवल्या.

तेव्हापासून मी वाईट वाटायची वाट बघतेय. काही वाटतच नाहीये. वर्षानुवर्षं 'पुढे जा' म्हणून म्हणून आत काहीतरी बधिर झालंय बहुतेक.

तिने मला चंद्राची वेळ विचारली. चंद्र दिसल्यावर ती काय खाणार, हे मी तिला विचारलं नाही.

तुम्ही विचारलं असतं का? खरं सांगा.