आईच्या साड्यांची सतरंजी

क्रोशा शाळेत शिकले आणि लग्नानंतर सोडला. २०१६ मध्ये आई गेली, तेव्हा रिकाम्या हातांनी बसवेना म्हणून सुई पुन्हा धरली. घर डहाणूला, नोकरी तलासरीच्या कचेरीत. येता-जाता बसमध्ये रुमाल विणायचे. पण ते रुमाल हवेत कुणाला? वर टाकायला आता टीव्हीसुद्धा जाड राहिलेला नाही!

बाबा माझ्याकडे राहायला आले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे दिवसभर खुर्चीत आणि पाय उघडे, लादीवर. "गार पडतात गं पाय," हे दिवसातून दहा वेळा. आईच्या सात सुती साड्या कपाटात पडून होत्या. तेवढ्यात कळलं की कोसबाडला एक बाई मागावर जुन्या साड्यांच्या सतरंज्या विणतात. म्हटलं, बास, बाबांसाठी हेच करायचं.

साड्या फाडून पट्ट्या करायच्या, आणि त्या फाडवेनात. तरी फाडल्या. दर रविवारी रिक्षाने कोसबाड गाठायचं आणि मागावर बसायचं. आणि माझी सतरंजी काय करायची, तर मधेच आक्रसायची. दोन्ही टोकांना रुंद, पोटात बारीक, थेट डमरू!

बाई हसल्या. "ताई, तुमचा हात क्रोशाचा. ओढून घट्ट करायची सवय. इथं पट्टी सैल सोडायची आणि मग ठोकायची."

"सोडतेच आहे की!" मी खेकसले. कुठली सोडतेय! हात आपले ओढतच होते. उसवायला गेलं की जुन्या, विरलेल्या पट्ट्या तटातट तुटायच्या. दोन साड्या अशा मातीत गेल्या. तिसरी तुटायला लागली तेव्हा मी चक्क रडले, रागाने. आई आयुष्यात एकदाच मिळते, तशा तिच्या साड्याही तेवढ्याच. आणखी कुठून आणणार होते मी? बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

शेवटी चार महिन्यांनी एक सतरंजी झाली. कडा वाकड्याच, पण झाली. घरी आणून बाबांच्या खुर्चीपुढे अंथरली.

बाबांनी दोन्ही पाय वर घेतले.

"अहो, ठेवा ना पाय! तुमच्यासाठीच केलीय."

"ही तिची निळी," ते वाकून बघत म्हणाले. "ही संक्रांतीची. हिच्यावर पाय कसा ठेवू?"

माझं डोकंच फिरलं. चार महिने मरमर केली ती काय शोकेसमध्ये ठेवायला? "साड्या कुठे राहिल्यात आता, बाबा? चिंध्या आहेत नुसत्या!"

"बरं. मग तू ठेव आधी."

ठेवते की, त्यात काय! मी तरातरा पुढे झाले, पाय उचलला, आणि तो मेला खाली टेकेना.