जावयासाठी दुसरा एसी

माझ्या सासुरवाडीची घरगाडी मी घालवली. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच नाही.

घरगाडी म्हणजे माझा साळा दिलीप याने एका जुन्या मिनीबसवर केलेली करामत. अकोल्यात त्याचं बी-बियाण्याचं दुकान होतं. कापसाच्या त्या वाईट वर्षांत लोकांच्या दारी वसुलीला जायला त्याचा पाय उचलेना. शेवटी दुकान विकून त्याने ही बस घेतली. आत दिवाण, शेगडी, मोरी (होय, मोरी!) आणि पुढच्या बाजूला एक एसी. यात्रेकरूंना गाडी भाड्याने द्यायची, असा बेत. पहिलं गिऱ्हाईक चालूनही आलं: अंजनगाव सुर्जीचे आबासाहेब. त्यांच्या गावची म्हातारी मंडळी काशीला निघायची होती. "अकोला ते अमरावती बसून पाहतो, मंग ठरवतो," असं ते म्हणाले. दिलीपचं सगळं त्या एका फेरीवर टांगलेलं.

त्यात अधिक महिना लागलेला. म्हणजे जावयांची सुगी! मी बायकोसह धोंडे जेवायला अकोल्यात हजर. पुरण भरलेले वाफाळते धोंडे, वर तूप, अंगावर नवाकोरा सफारी. जेवण झाल्यावर दिलीपने हौसेने गाडी दाखवली. मी मागच्या दिवाणावर टेकलो, घाम पुसला आणि सहज बोलून गेलो, "मागं जरा गरमच होतं, नाही?"

झालं!

"दिलीप!" सासूबाई कडाडल्या. "जवाईबापूले गरम होऊन राहिलं!"

"पुढं एसी हाय न, आई."

"जवाई काय पुढं बसले? मागं दुसरा लाव!"

"आनू कुठून?"

सासूबाईंनी सरळ स्वतःच्या खोलीकडे बोट दाखवलं. मी हादरलो. "अहो आई, मी आपलं सहज..."

"तुमी बोलू नका. धोंड्याचे दिवस हायेत!"

संध्याकाळपर्यंत त्यांच्या खोलीच्या भिंतीला भगदाड होतं आणि एसी दिवाणाच्या बरोबर वर, बसच्या खिडकीत. सासूबाई भगदाडासमोर हातपंखा घेऊन समाधानाने बसल्या होत्या. बायकोने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी मनाशी शपथ घेतली: आता काहीही होवो, तोंडातून तक्रारीचं अक्षर काढायचं नाही!

त्या शपथेनेच घात केला.

दुसऱ्या दिवशी निघालो. दिलीप गाडी चालवतोय, शेजारी पांढऱ्याशुभ्र धोतरात आबासाहेब, मागे आम्ही दोघं. मृग तोंडावर आलेला, त्यामुळे हवा दमट. मागचा एसी भराभर पाणी सोडत होता. ते पाणी खाली सोडायला दिलीपने दिवाणाशेजारून नळी नेली होती, आणि तिच्या सांध्यातून माझ्या सफारीवर टिप... टिप... टिप. तेही नेमकं अशा जागी, की गाडीतून उतरल्यावर माणसाला खुलासे करत फिरावं लागावं!

सांगावं, तर दिलीप गाडी थांबवणार आणि आबासाहेबांसमोर त्याची शोभा होणार. बायको पेंगत होती. मी सासूबाईंनी वाटेसाठी दिलेला डबा हळूच उघडला, एक धोंडा घेतला, सांधा सोडवून त्यात तो गच्च कोंबला आणि नळी परत बसवली. थेंब बंद! गळती थांबवायची म्हणजे तोंड बुजवायचं, एवढंच माझं शास्त्र. (मी पाटबंधारे खात्यात आहे.)

वर मला उदारपणाही सुचला! आबासाहेबांच्या अंगावर ऊन येत होतं. "इकडं या, मागं गारेगार आहे," म्हणून मी त्यांना माझी जागा दिली.

"वा!" दिवाणावर अंग टाकत ते म्हणाले. "दिलीपराव, आता मी काशीपरेंत उठत नाही!"

आरशात दिलीपचा चेहरा फुलला. बरेच महिने तो असा हसलेला मी पाहिला नव्हता.

मूर्तिजापूरजवळ बकऱ्यांचा कळप आडवा आला. करकचून ब्रेक! आणि एसीत तुंबलेलं सगळं गारढोण पाणी एकदमच आबासाहेबांच्या तोंडावर.

"अरे देवा! दिलीपराव, गंगेचं स्नान गाडीतच घालून राहिले का?"

"धड एक नळी लावता येत नाही तुले!" बायको भावावर तुटून पडली.

दिलीप मागे आला. नळी सोडवली. आतून पिवळा गोळा काढला. त्याने गोळा हुंगला, उघड्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बकऱ्यांकडे पाहिलं.

"गाळ अडकला होता, ताई," तो म्हणाला. "माहंच चुकलं." आणि गोळा खिडकीबाहेर टाकून दिला.

आबासाहेब बडनेऱ्याला उतरले ते उतरलेच. काशीला दुसरी गाडी गेली. दिवाळीआधी घरगाडी विकली गेली आणि एसी सासूबाईंच्या भिंतीत परतला.

दिलीप आता अमरावतीत, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, एसी दुरुस्त करतो. माझा एसी गळायला लागला, की मी चांदूर रेल्वेहून माणूस बोलावतो! अधिक महिना आला, की सासूबाई धोंडे वाढतात, दिलीप समोर बसतो, "घ्या न भाऊजी अजून एक," म्हणतो, आणि मी बोलावं लागू नये म्हणून तोंड भरून घेतो.

मी दिलीपचं एक वाक्य देणं लागतो: तुझी नळी बरोबर होती, पाणी मी अडवलं. अख्ख्या नोकरीत मी अडवलेलं पाणी तेवढंच, आणि तेही कबूल करायचं राहिलंय.