संत्र्याची बरणी आणि लेबल नसलेली बाटली

नंदू, आठवतं? स्नेहलतागंजच्या घरी स्वयंपाकघरात पेपर पसरून आपण दोघी बहिणी संत्र्यांच्या साली काढत बसायचो. फक्त वरची केशरी साल... आतला पांढरा भाग जरा दिसला की बाबा ती परत आपल्या ताटलीत टाकायचे. "कडू होईल बेटा, पुन्हा कर."

परवा यंदाची बरणी गाळताना तोच वास आला आणि ती संध्याकाळ समोर उभी राहिली. तुम्हा बाकीच्यांना ती माहीत नाही, म्हणून लिहितेय.

बरणीत असायची लिक्युअर. कृती आमच्या घरात आली ती चक्क माझ्या कॉन्व्हेंटमधून! आमच्या म्हाताऱ्या सिस्टर ख्रिसमसच्या केकसाठी संत्र्याच्या साली ब्रँडीत भिजवायच्या. बाबांनी पेरेंट्स मीटिंगला माझे मार्क सोडून तेवढंच विचारून घेतलं.

करायला सोपी आहे. तयार दारूत साल, फळ, बी किंवा मसाला भिजत ठेवायचा. वास आणि रंग उतरला की गाळायचं, साखरेचा गार पाक घालायचा आणि मुरू द्यायचं... गोड असते, म्हणून जेवणानंतर अगदी घोटभर. कारखान्यात काही वेळा साली घातलेली दारू पुन्हा उकळून तिची वाफ गार करतात. ती पाण्यासारखी स्वच्छ दिसते, पण वास संत्र्याचा. ते घरी करायचं नाही, घरी फक्त भिजवायचं.

प्रकार तर कितीतरी. बडीशेपेची, पुदिन्याची, बदामाची, चेरीची, मठांमधली जडीबुटीची. आता मुलं एअरपोर्टवरून कॉफीची आणि सायीची आणतात. तेव्हा आपल्या इंदौरात या बाटल्या बघायलाही मिळत नव्हत्या.

बाबा कापड मिलमध्ये डाइंग मास्टर होते, म्हणजे रंगखात्याचे प्रमुख. म्हणायचे, कापड रंग घेतं तशी ही दारू सालीचा वास घेते... घाई केली की दोन्ही फिकं. एकतीस डिसेंबरला संध्याकाळी त्यांच्या खात्यातले लोक आमच्याकडे यायचे. छोटे छोटे ग्लास भरले जायचे, पण शेवटचा माणूस आल्याशिवाय कोणी ओठाला लावायचा नाही. एकदा एकाची सांवेरची बस चुकली, तर सगळे तासभर भरल्या ग्लासांसमोर गप्पा मारत बसले होते.

मग मिल बंद झाली. गेटला कुलूप, कुलपाला सील. मी तेव्हा शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. त्या वर्षी ब्रँडी येणार नव्हती, आणि बाबा बरणीचं नावच काढत नव्हते.

एक दिवस वामनकाका आले. ते मिलच्या लॅबमध्ये होते, बाबांचे सगळ्यात जवळचे. पिशवीतून त्यांनी एक बाटली काढली. "लॅबचं स्पिरिट आहे भिया, एकदम प्युअर. पाणी घालून घ्या. आपली एकतीस तारीख चुकायला नको."

ते गेल्यावर आईने बाटली फिरवून बघितली. "अहो, यावर लेबल कुठंय?"

"वामनने आणलंय. त्याला लेबल लागतं होय?"

बाबांनी त्यातच साली भिजत घातल्या. पण बरणी आईने लोणच्यांपासून लांब, एकटीच वरच्या फळीवर ठेवली. मी रोज ती बघायची. रंग तर नेहमीसारखाच उतरत होता... सुंदर केशरी.

एकतीस तारखेला सगळे आले, फक्त वामनकाका नाहीत. ग्लास भरून तयार. खात्यातले शुक्लाजी चुळबुळायला लागले. "मास्टरजी, वामन को सर्दी लग गई होगी. शुरू करो यार, देख-देख के ही चढ़ जाएगी!"

सगळे हसले. बाबाही हसले, पण घड्याळाकडे बघून म्हणाले, "येईल. थांबू या."

शुक्लाजींनी ग्लास उचललाच. आई दारात पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. "भाभीजी, सिर्फ सूंघ रहा हूँ," ते म्हणाले. ग्लास नाकाशी होता... नाकापासून ओठ किती लांब असतात?

तेवढ्यात अंगणात सायकल पडल्याचा आवाज झाला. वामनकाका दारात, एका पायात चप्पल नाही. "पिऊ नका! कोणी प्यायलं का?"

कोणीच प्यायलं नव्हतं. ते चौकटीला धरून खालीच बसले.

दुपारी चहाच्या टपरीवर त्यांना स्टोअरमधला माणूस भेटला होता. मिलच्या शेवटच्या दिवसांत आवराआवर करताना अर्धे-अर्धे डबे एकमेकांत ओतले होते, म्हणाला. लॅबचं स्पिरिट आणि मशीन पुसायचं विषारी स्पिरिट... कशात काय, कोणालाच माहीत नव्हतं. काका तडक गेटवर गेले. वॉचमनच्या हातापाया पडले, एकदा स्टोअर बघू दे म्हणून. पण सीलबंद कुलूप तो कसं उघडणार?

बाबा उठले. एकेक ग्लास स्वतः गोळा केला आणि मोरीत ओतला. मग बरणी. नळ कितीतरी वेळ वाहत होता.

वामनकाका मान खाली घालून बसले होते. बाबा त्यांच्याजवळ जमिनीवर टेकले. "बस आता. तुझ्यासाठीच थांबलो होतो ना आम्ही?"

त्या बरणीत काय होतं, ते कधीच कळलं नाही. आता बाबा नाहीत, काकाही नाहीत. पण त्या खोलीतले सगळे पुढची कितीतरी वर्षं घरी येत राहिले, याबद्दल मी आजही मनातल्या मनात हात जोडते.

तर यंदाच्या बाटल्या तयार आहेत. ब्रँडी सीलबंद आणलेली, प्रत्येकीवर लेबल लावलंय. पहिली वामनकाकांच्या मुलीला, वर्षाला, आणि बाबांचा ग्लासही तिलाच. नंदू, तुझी जडीबुटीची, खोकल्याचं निमित्त नको काढूस. शुक्लाजींच्या सूनबाईंना कॉफीची. त्या छोट्या ग्लासांतला टवका उडालेला माझ्याकडे राहील, आणि बरणी माझ्यानंतर नंदूच्या मुलीला.

आणि एकतीस तारखेला सगळ्यांनी माझ्याकडे यायचं. उशीर झाला तरी या... आम्ही थांबू.