मजकूरराव टूल निवडतात

शिड्यांच्या कारखान्यात लिहिण्याचं काम ते किती असणार, असं कुणालाही वाटेल. मजकूररावांना मात्र तसं म्हणून बघू नका. शिडी चढायला दोन पाय पुरतात, पण ती विकायला वाक्य लागतं, हे ते तुम्हाला समजावून सांगतील आणि चहा निवून त्यावर साय धरेपर्यंत सोडणार नाहीत. शिडीच्या कडेला जी पिवळी पट्टी असते, तिच्यावरचं 'सर्वांत वरच्या पायरीवर उभे राहू नये' हे वाक्य त्यांचं. त्यात आधी 'कृपया' होतं. पडणाऱ्या माणसाला कृपया कसलं म्हणायचं, असा विचार करून त्यांनी ते काढून टाकलं. आपण आयुष्यात काहीतरी केलं, याची खूण म्हणून ते ही पट्टी पाहुण्यांना दाखवतात.

खोक्यांवरच्या ओळी, माहितीपत्रकं, विक्रेत्यांना जाणारी पत्रं, सगळं त्यांच्या खिडकीजवळच्या टेबलावरून जायचं. "मजकूर झाला का?" असं जो तो विचारायचा. विचारता विचारता ते नाव माणसालाच चिकटलं आणि वयाचा मान म्हणून पुढे 'राव' लागलं. खरं नाव बायकोला ठाऊक असावं, पण ती 'अहो' म्हणते.

असे हे मजकूरराव एका सोमवारी ताईंच्या काचेच्या खोलीत उभे होते. ताई म्हणजे कारखान्याच्या मालकीणबाई. वयानं मजकूररावांपेक्षा बऱ्याच लहान, पण कारखान्यात सगळ्यांच्याच ताई.

"नवी घडीची शिडी येतेय, मजकूरराव. यावेळी आपण कंटेंट मार्केटिंग करायचं."

"करू की. म्हणजे काय करायचं?"

"म्हणजे 'घ्या घ्या' म्हणायचं नाही. लोकांच्या उपयोगाचं काहीतरी लिहायचं, नेटवर टाकायचं, मेलनं पाठवायचं. लोक वाचतात, आपल्यावर विश्वास बसतो, मग शिडी घेतात."

"आधी गप्पा, मग शिडी."

"अगदी तसंच. पण हे सगळं वेळेवर पाठवायला, कोणी वाचलं ते बघायला ऑनलाइन टूल लागतं. बाजारात ढीगभर आहेत. तुम्ही एक निवडा आणि शुक्रवारी मला नाव सांगा. का निवडलं, तेही सांगा."

"आणि नाहीच जमलं तर?"

"मग बाहेरची एजन्सी आहे. टूल त्यांचं, लिहिणंही त्यांचंच. तुम्हाला माल पाठवणीच्या खात्यात घेऊ. तिथे खोक्यांवर पत्त्यांची लेबलं चिकटवायला माणूस हवाच आहे."

ताईंच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तेच वाईट. टोमण्याला उत्तर देता येतं, सोयीला काय देणार? मजकूरराव टेबलाशी आले आणि खिडकीकडे असे बघत राहिले, जणू ती कुणी उचलून न्यायला आलंय.

मग त्यांनी नेटवर शोधलं. कुठलं टूल घ्यावं याबद्दल तिथे इतका सल्ला होता, की सल्ला घ्यायलाच एक टूल लागावं. आणि खरंच होतं! ते प्रश्न विचारायचं. 'तुमचा आदर्श ग्राहक कोण? त्याचं वय? त्याची आवड? त्याची सर्वांत मोठी भीती?' मजकूररावांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'उंची.' टूल जरा वेळ गरगरलं आणि म्हणालं, आमच्या सल्लागाराशी बोला.

शेवटी त्यांनी जी जी टूल काही दिवस फुकट वापरायला मिळत होती ती सगळी घेतली. नावं तोंडात बसेनात, म्हणून चित्रांवरून ओळखायला लागले. एक ससा, एक जांभळा ढग, एक हिरवा हात, एक नुसताच डोळा, आणि एक अगदीच गरीब दिसणारं पाकीट. ससा पोस्ट कधी टाकायची ते ठरवायचा. ढग चित्रं काढायचा. हात लेखाचे विषय सुचवायचा, आणि शिडीसाठी त्यानं सुचवलेला पहिला विषय होता 'यशाच्या पायऱ्या'. डोळा काय करायचा ते मजकूररावांना शेवटपर्यंत कळलं नाही; तो बघायचा. मौज म्हणजे ससा सांगे मी चित्रंही काढतो, ढग सांगे मी मेलही पाठवतो. सगळेच सगळं करत होते. मग यातला सुतार कोण आणि न्हावी कोण?

शिवाय प्रत्येकाला मजकूररावांची काळजी. 'काल तुम्ही आला नाहीत. सगळं ठीक आहे ना?' असा सशाचा मेल सकाळी, तसाच ढगाचा दुपारी.

"माझ्या सख्ख्या भावानं कधी इतकी चौकशी केली नाही," ते घरी म्हणाले.

त्यांची बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावून लावून तिला नवऱ्याचा चेहराही लावता येतो. "अहो, पण तुम्हाला ते हवंय कशाला, हे ठरलंय का?"

"तेच तर टूल ठरवतं."

"वा! म्हणजे आधी गोळी घ्यायची आणि मग दुखायला लागायचं."

"तुला नाही कळायचं. हे कंटेंट मार्केटिंग आहे."

"तुम्हाला तरी कुठे कळलंय? बसा जेवायला."

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आपलं गाऱ्हाणं वजनदारपुढे मांडलं. वजनदार हा कारखान्यातला चाचणीचा माणूस. इथली रीत अशी, की नवी शिडी आली की हा दोन्ही हातांत वाळूची पोती घेऊन तिच्या प्रत्येक पायरीवर उभा राहतो, वर थोडा नाचतो, आणि उतरून मान हलवतो. मान हलली की शिडी पास.

"रिकामी शिडी कुणाचीही उभी राहते हो," डबा बंद करत वजनदार म्हणाला. "तुम्ही नुसतं लांबून बघत बसलात तर कसं कळणार? भार टाका. पुरता टाका. जी वाकेल ती वाकेल."

मजकूररावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो उजेड आगीचा होता, हे कळायला एक दिवस गेला.

त्यांनी पुरता भार टाकला. 'घरात शिडी कशी उभी करावी' असा सुरेख लेख लिहिला. कारखान्याचे झाडून सगळे विक्रेते आणि जुनी गिऱ्हाइकं यांचे पत्ते सशात घातले. तेच पत्ते ढगात, तेच हातात, तेच डोळ्यात, तेच पाकिटात. आणि गुरुवारी सकाळी देवाचं नाव घेऊन सगळीकडचं बटण दाबलं.

एका लेखाची पाच-पाच पत्रं प्रत्येकाच्या घरी जाऊन थडकली. सशानं सगळ्यांना 'प्रिय इथे नाव लिहा' अशी हाक मारली. ढगानं शिडीऐवजी बर्फाच्या कड्याला लोंबकळणारा माणूस छापला. हातानं मथळा बदलून 'तुमची शिडी तुमच्यापासून काय लपवतेय?' असा केला. आणि पाचही जणांनी मजकूररावांचं तोंडभरून अभिनंदन केलं. सशाच्या मते निम्म्या लोकांनी पत्र उघडलं होतं. ढगाच्या मते एकानंही नाही. डोळ्याच्या मते ते एकाच माणसानं पुन्हा पुन्हा उघडलं होतं, आणि तो माणूस मजकूरराव होता.

मग फोन सुरू झाले. ताई काचेच्या खोलीतून बाहेर आल्या.

"मजकूरराव, आपण लोकांना किती पत्रं पाठवली?"

"एकच, ताई."

"एकच?"

"एकच. पण पाच टूलनी. भार टाकून बघत होतो."

"भार!" ताईंनी एक खोल श्वास घेतला. "एक विक्रेता विचारतोय, शिड्या परत मागवताय का? त्याला वाटलं, कुणीतरी पडलं. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना माफीचं पत्र पाठवा."

"हो, ताई. कुठल्या टूलनं?"

ताईंनी डोळे मिटले. मग उघडले आणि आत गेल्या. काचेतून त्या फोन लावताना दिसल्या. एजन्सीलाच असणार. मजकूररावांना लेबलांच्या डिंकाचा वास आला.

आता माफी मागायची तर लोक नेमके कशावर चिडलेत ते वाचायला हवं, म्हणून ते आधी सशाकडे गेले. सशाकडे एकही उत्तर नाही. पत्राच्या तळाशी बारीक, करड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.' ढगाचं तेच. हाताचं तेच, डोळ्याचं तेच. उत्तर कुठे यावं हे त्यांनी कुठेतरी विचारलं असेलही, पण मजकूररावांनी भांबावून ती जागा कोरीच सोडली असणार. पाकिटानं मात्र दुसरं काही सुचत नसल्यासारखं, पहिल्याच पानावर त्यांचा नेहमीचा मेल विचारून घेतला होता. त्यामुळे लोकांची उत्तरं आली होती, ती सगळी त्यांच्या रोजच्या पेटीत.

पहिली काही अपेक्षेप्रमाणे होती. 'पुरे.' 'शिडी कळली, आता थांबा.' एका म्हाताऱ्या विक्रेत्यानं विचारलं होतं, 'मजकूरराव, तब्येत बरी आहे ना?' पण खाली खाली जावं तसं निराळंच निघत गेलं. 'पत्रं मिळाली, सगळी मिळाली. आता लिहिताच आहात तर सांगा, शिडीच्या पायाचे रबरी बूट सुटे मिळतात का? आमचा एक हरवला. मिस्टर खाली कागदाची घडी ठेवतात आणि मला धरायला उभं करतात.' 'शिडी मिटताना बोट सापडतं. धरायची कुठे?' 'जिन्यातला दिवा बदलायचा आहे. शिडीचा एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या, अशी ठेवली तर चालेल का? काल ठेवली होती. थोडक्यात वाचलो.'

मजकूरराव वाचत राहिले. इतकी वर्षं ते लिहीत होते, पण ते सगळं खोक्यात जायचं, आणि खोकं कधी उलट बोलत नाही. त्यांच्या लिहिण्याला आजवर कुणी उत्तरच दिलं नव्हतं. त्यांचा राग, भीती, गोंधळ एकमेकांत इतके मिसळले, की डोळ्यांत पाणी कशामुळे आलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

माफीचं पत्र त्यांनी पाकिटातूनच पाठवलं. पाठवण्याआधी चार वेळा वाचलं आणि वजनदारला शेजारी बसवून बटण दाबायला लावलं.

शुक्रवारी ताईंपुढे उत्तरांचे छापलेले कागद ठेवून ते म्हणाले, "पाकीट."

"त्यात चित्रं होतात?"

"फारशी नाही."

"आकडे, आलेख?"

"आलेख आहेत. मला कळत नाहीत."

"मग पाकीट का?"

"कारण लोकांना त्यातून उलट बोलता आलं, ताई. म्हणजे बाकीच्यांतही ती सोय असेल, खोटं कशाला बोलू. मला सापडली नाही."

ताई कागद वाचायला लागल्या. बोट सापडतं तिथे हसल्या, जिन्याशी हसू थांबलं. तो कागद त्यांनी दोनदा वाचला.

"तुम्हाला सापडली नाही, हेही कारणच आहे म्हणा. वापरायचं तुम्हाला आहे." त्यांनी कागद नीट जुळवले. "एजन्सीला मी चित्रांचं आणि आकड्यांचं काम देते. लिहिणं तुमच्याकडे राहू दे. पण मजकूरराव, कॅम्पेनचा पहिला लेख हा जिन्याचा. आणि या प्रत्येकाला उत्तर गेलं पाहिजे. एकदाच."

"एकदाच, ताई."

टेबलाशी येऊन त्यांनी रबरी बुटांच्या बाईंना लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला अडकले. बूट सुटे मिळतात का? मजकूररावांना ठाऊक नव्हतं. बूट म्हणजे नेमकं काय, काढतात कसा, बसवतात कसा, तेही नाही. ते तडक खाली गेले.

"सुटे?" वजनदारनं कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवलं. "पोतंभर पडलेत. कुणी मागतच नाही."

"मागतील कसे? मिळतात हे कुठे लिहिलंय?"

"ते तुम्हाला ठाऊक! लिहिणारे तुम्ही."

मजकूरराव पोत्याशी उकिडवे बसले, एक काळा बूट उचलला आणि शिडीच्या पायात घालायला लागले. तो काही जाईना.

"अहो, उलटा धरलाय!" वजनदार म्हणाला.

मजकूररावांनी तो सुलटा केला, पुन्हा दाबला, आणि दुसरा हात पुढे केला. "थांब, हेच लिहायचंय. कागद दे आधी."