नियमात जाणारं वाक्य

वत्सलाअक्कांमुळे मी बेंगळुरूत टिकलो. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, निपाणीच्या शाळेने आणि कॉलेजने रसायनशास्त्राच्या पदवीपर्यंत आणलं. पण त्या पदवीचा माणसांना काय उपयोग असतो, ते अक्कांनी दाखवलं. त्या गेल्याचं कळलं तेव्हा मी बोम्मसंद्राहून परतणाऱ्या बसमध्ये होतो. म्हैसूरहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा, सरोजाअक्कांचा, फोन आला. "वत्सला गेली बघ सकाळी," म्हणाल्या, आणि मग काय बोलावं न सुचून, "तुझं ऊट झालं का?" मी झालं म्हणालो. जेवलो नव्हतो... फोन ठेवल्यावर कुणाला तरी हे सांगावंसं वाटलं. पण या शहरात अशी बातमी मी ज्यांना सांगितली असती, त्या अक्काच होत्या.

जयनगरातल्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी नवा होतो, तेव्हा त्या नाल्याच्या पाण्याच्या बाटल्या पिशवीतून घेऊन आल्या. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. मी कोपऱ्यात आईशी फोनवर बोलत होतो. माझं होईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "निपाणीकडचा काय रे तू? 'काय करायलीस' ऐकलं मी." मी लाजलो. "लाजतोस कशाला? आमचं घराणं इथं शहाजीराजांच्या वेळेपासून. मराठीला गंज चढलाय आमच्या. तुझ्याशी बोलून स्वल्प घासून घेईन."

दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी आमचा गट जमायचा. बोम्मसंद्राच्या कारखान्यांजवळ राहणारी, फेसाळलेल्या तळ्याला कंटाळलेली माणसं. मागणी एकच होती: प्रत्येक कारखान्याने बाहेर सोडलेल्या पाण्यात काय आहे ते फाटकावरच्या फलकावर, रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल असं, कन्नडमध्ये लिहावं. सरकार नव्या नियमाचा मसुदा काढतं आणि लोकांच्या हरकती मागवतं. आमचं काम तिथे सुरू व्हायचं. पहिल्यांदा हरकत लिहायला त्यांनी मला सांगितलं. मी शाळेत वक्तृत्वाची ढाल मिळवलेला मुलगा, चांगली चार पानं लिहिली. विषारी नद्या, येणाऱ्या पिढ्या, सगळं होतं त्यात. अक्कांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"भाषण झकास आहे. आता यातलं कुठलं वाक्य नियमात जाईल ते दाखव."

एकही नव्हतं. मग त्यांनी मसुदा माझ्यापुढे सरकवला. ज्या कलमाला हरकत, त्याचा क्रमांक, आणि त्याखाली त्या कलमाऐवजी काय छापावं ते सरकारी भाषेतलं तयार वाक्य. बस्स. "तिकडच्या माणसाला दिवसभर शंभर जण शिव्या घालतात. आपण त्याला वाक्य द्यायचं. सरी? पटलं ना?" नियम निघाला की आपलं वाक्य त्यात ओळखायचं, आणि ते आपलं आहे असं कुठे म्हणायचं नाही. ही शेवटची अट गटातल्या बऱ्याच जणांना जड जायची.

फलकांचा नियम निघाला, पण तो मोठ्या कारखान्यांपुरता. लहान कारखाने वगळायचे, या अटीवर खातं तयार झालं होतं, आणि अक्कांनी होकार दिला होता. त्या गुरुवारी गटातले नागराजअण्णा आले, पण बसले नाहीत. त्यांच्या घराच्या गल्लीत धातूला मुलामा देणारे लहान कारखाने होते. त्यांच्या बोअरवेलचं पाणी पिवळं यायचं.

"अक्का, मोठ्यांच्या फाटकावर पाटी लावलीत. माझी गल्ली सोडलीत."

"हो. सोडली. पुढच्या वेळी धरायची."

"पुढची वेळ कधी? माझी नात मोठी झाल्यावर?"

अण्णांनी चपला घातल्या. त्यांच्या पाठोपाठ एकेक जण येईनासा झाला. साहेबांबरोबर कॉफी पिऊन बाई मऊ झाल्या, असं कुणीतरी मला सुनावलंही. अक्कांना कळत होतं. आम्ही दोघंच उरलो. दर गुरुवारी मी जायचो, त्या उप्पीट करायच्या, आणि बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला की बोलता बोलता थांबायच्या... शेजाऱ्यांकडे कुणीतरी आलेलं असायचं.

त्यानंतर पाण्यासंबंधी जो जो मसुदा निघाला, त्यावर अक्कांनी लहान कारखान्यांनाही फलक लावायला लावणारं तेच एक वाक्य पाठवलं. कधी त्याची पोच आली, कधी तीही नाही. शस्त्रक्रियेनंतर बहीण त्यांना म्हैसूरला घेऊन गेली, आणि नेमका तेव्हाच नवा मसुदा आला. बोलताना अक्कांना धाप लागायची, म्हणून मी फोन न करता पत्र लिहिलं. सरोजाअक्कांनी ते वाचून दाखवलं. "दोनदा वाचायला लावलं," त्या नंतर मला म्हणाल्या.

स्मशानात नागराजअण्णा आले होते, बाकीच्यांपासून दूर उभे होते. मीच जवळ जाऊन त्यांना मसुद्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "अक्कांना कळलं होतं?" मी म्हटलं, हो, पत्रातून कळवलं होतं. ते मान हलवून निघून गेले.

आता गुरुवारी मी खोलीवरच असतो. त्या पत्राचा फोटो फोनमध्ये आहे. तेच इथे देतो.

"ती. वत्सलाअक्का, सा. न.

नवा मसुदा आज आला. तुमचं वाक्य आत आहे. एक शब्द त्यांनी बदलला आहे, पण अर्थ तोच. लहान कारखानेही आले. नागराजअण्णांच्या गल्लीतल्या प्रत्येक फाटकावर पाटी लागेल. अजून हरकतींची मुदत आहे, कुणी ते काढायला लावू नये म्हणून आपण पाठिंब्याचं पत्र द्यायला हवं. ते मी लिहिलं आहे, चारच ओळींत. भाषण केलेलं नाही.

अण्णांना मी मुद्दामच सांगितलेलं नाही. ते त्यांना तुमच्या तोंडून कळायला हवं. तुम्ही बऱ्या होऊन या. तोवर मी कुणाला बोलत नाही.

तुमचा,
प्रकाश"