आळेफाट्याचा सातवाला प्रोसेसर

मला कॉम्प्युटरवर गेम खेळायला आवडतात, हे आमच्या घरात एखाद्या दुखण्यासारखं सांगितलं जातं. सासूबाई पाहुण्यांना चहा देता देता आवाज खाली घेऊन म्हणतात, "तिला ती सवय हाय." मी कळंबला राहते आणि मंचरला एका खासगी क्लासमध्ये टायपिंग आणि बिलिंग शिकवते. पुण्यात हॉस्टेलवर असताना एका मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा गेम पहिल्यांदा खेळले. मागे माल लादलेला, समोर लांबच लांब मोकळा रस्ता, काचेवर वायपर फिरतायत, आणि कुणी काही विचारत नाही. तेव्हापासून ते डोक्यात बसलं ते बसलंच.

लग्नानंतर माझ्या जुन्या लॅपटॉपवर तोच गेम टाकून पाहिला. ट्रक वळणावर अडखळायचा, समोरचा रस्ता उशिरा उमटायचा, आणि लॅपटॉप इतका तापायचा की मांडीवर धरवायचा नाही. मग यंदा भिशीत माझा नंबर लागला तेव्हा मी ठरवलं, की साधाच, पण स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायचा.

पैसे बेताचे होते, म्हणून आधी अभ्यास केला. आणि पहिला वीट आला तो तिथेच. जो उठतो तो व्हिडिओ करतो. वासलेलं तोंड, मागे जांभळे दिवे, 'भाई लोग' म्हणून आरोळी, आणि ज्या प्रोसेसरला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूला, आज सर्वोत्तम म्हणायचं त्यालाच पुढच्या आठवड्यात कचरा म्हणायचं. एका व्हिडिओखाली मी माझ्या नावानं एक सरळ प्रश्न विचारला, तर उत्तरं आली, 'मॅडम, घरी भावाला विचारा', 'आधी फोटो टाका'. त्याहून घाण होती ती सांगत नाही. मी खोट्या पुरुषी नावानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. तासाभरात चार जणांनी सविस्तर समजावून सांगितलं. उपयोग झाला, पण उत्तरं वाचताना तोंडाला कडवट चव आली होती.

त्यातून मला कळलं ते एवढंच. प्रोसेसरच्या नावात तीन, पाच, सात असे आकडे असतात आणि लोक त्या आकड्याला भुलतात. पण दहा-बारा वर्षांपूर्वीचा सातवाला आजच्या तीनवाल्यापुढे टिकत नाही. खरं बघायचं ते तो कोणत्या पिढीचा आहे ते. माझ्या पैशात चांगला प्रोसेसर आणि चित्र उमटवणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड दोन्ही बसत नव्हतं. म्हणून ज्याच्या आतच बरं ग्राफिक्स आहे असा नव्या पिढीचा एक पाचवाला मी निवडला. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी, तोही असा, की पुढेमागे पैसे आले तर त्यावरच मोठा प्रोसेसर बसेल. नाव, मॉडेल सगळं पाठ झालं होतं.

ऑनलाइन मागवणार, तेवढ्यात दीर मधे पडले. माझे दीर माझ्याहून लहान, पण गावात त्यांची ऊठबस मोठी. फ्लेक्स छापून देणं, गाडी मिळवून देणं, कुणाचं कुठं अडलं तर फोन लावणं, हाच त्यांचा धंदा.

"वहिनी, ऑनलाइन काय येडेपणा करता? फुटकं आलं तर कोणाला विचारणार?" ते म्हणाले. "आळेफाट्याला माझा दोस्त हाय. जोडून देतो, लई स्वस्तात."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चाकणला कंपनीत आहे, रात्रपाळी करून आला होता. "जा की," तो म्हणाला. "घरातला माणूस सोबत असला म्हणजे बरं." मी दिरांकडे विसार म्हणून थोडे पैसे दिले आणि मॉडेलचं नाव त्यांच्या मोबाईलवर पाठवलं.

रविवारी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून गेले. दुकान गॅरेजांच्या ओळीत, वरच्या मजल्यावर. जिन्याच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या इतक्या जुन्या, की भिंतीचा मूळ रंग कळत नव्हता. आत मात्र काचेच्या डब्यांतून लाल-निळे पंखे फिरत होते. दुकानदार तिशीचा असेल. त्यानं दिरांना मिठी मारली, त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, आणि मी उभीच.

"बोला पावणं, कसलं मशिन काढायचं?" त्यानं दिरांना विचारलं.

मॉडेलचं नाव मी सांगितलं. त्यानं ते ऐकलं आणि उत्तर दिरांना दिलं. "त्यो पाचवाला हाय, भाऊ. त्यापेक्षा सातवाला देतो ना. त्याच पैशात."

"कितव्या पिढीचा?" मी विचारलं.

तो हसला. दिरही हसले. "वहिनी लई अभ्यास करून आल्यात राव," दीर म्हणाले, एखाद्या पोपटानं श्लोक म्हटल्यावर सांगावं तसं.

"मला मी सांगितलेलाच हवा," मी म्हणाले.

"तुमी म्हणताय त्योच देतो, ताई. बसा." आणि मग कुठे स्टूल आलं.

तो जोडायला बसला. आधी त्यानं तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, अंगठ्यानं मळली, दाढेखाली सारली. मग प्रोसेसर काढला. त्यावर उष्णता वाहून नेणारी एक करडी पेस्ट लावतात, ती त्यानं त्याच अंगठ्यानं फासली. चिपच्या पाठीवर तिचं नाव कोरलेलं असतं, ते मला वाचायचं होतं. मी उठून टेबलाजवळ जाईपर्यंत त्यावर पेस्ट गेली होती. अंगठ्याच्या नखात काळं, त्यावर पांढरा चुना, त्यावर करडी पेस्ट. मला शिसारी आली आणि मी खिडकीतून खाली उभे असलेले ट्रक बघत राहिले.

मशिन चालू झालं. त्यानं माहितीचं पान उघडून दाखवलं, तर त्यावर मी सांगितलेलंच नाव. दीर म्हणाले, "झालं ना समाधान?"

झालं नव्हतं. नव्या प्रोसेसरचा खोका असतो, तो मला कुठेच दिसला नव्हता. आणि ते पानावरचं नाव बदलता येतं, हे मी त्या खोट्या नावानं विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात वाचलं होतं. मशिन सुरू होताना एक बटण दाबून धरलं की नेहमीचा स्क्रीन यायच्या आधी मदरबोर्डचं स्वतःचं पान उघडतं. तिथे काय बसवलंय ते खरं दिसतं. मी कीबोर्ड पुढे ओढला, मशिन पुन्हा सुरू केलं आणि बटण दाबून धरलं.

पान उघडलं. सातवाला होता. मी क्लासमध्ये शिकवायला लागले त्याच्या कितीतरी आधीचा, कुठल्यातरी ऑफिसनं भंगारात काढलेल्या मशिनमधला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ते जुनं दाखवतंय, ताई. अपडेट न्हाई मारलेलं."

"खोका दाखवा."

"खोका नसतो. सुटाच येतो माल."

"मग हा काढा आणि माझे विसाराचे पैसे द्या."

त्यानं खिडकीबाहेर थुंकून घेतलं. मग पहिल्यांदा त्याचा आवाज चढला, तोही माझ्यावर नाही, दिरांवर. "तुझं त्यातलं कालच दिलंय मी तुला. आता तूच मिटव. माझं डोकं नको खाऊ."

दिरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते त्या फिरत्या पंख्यांकडे बघत होते. "वहिनी, गेम चालंल ना? मग आतमधी काय का असंना," ते म्हणाले.

दुकानदाराचा मला तितका राग आला नाही. तो विकायलाच बसलेला. पण हा माणूस रोज माझ्या हातचं जेवतो. मी केलेल्या भाकरीचा पापुद्रा उचलून, चांगली फुगली म्हणतो. आणि माझ्याच भिशीतून त्यानं स्वतःचा वाटा आदल्या दिवशीच काढून घेतला होता. मी जिना उतरले. ते मागून गाडी घेऊन आले, "बसा, वहिनी" म्हणाले. त्यांच्या पाठीला अंग लागेल अशा जागी बसणं मला शक्य नव्हतं. मी फाट्यावर जाऊन उभी राहिले आणि नाशिकहून पुण्याला निघालेल्या एसटीनं कळंबला आले. पूर्ण वाट उभ्यानं.

घरी सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना आता. घरातलाच आहे."

सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसानं असल्या दुकानात जावंच कशाला?"

विसाराचे पैसे परत आले. कधी, कसे, ते कुणी बोललं नाही. एका सकाळी फ्रिजवर पाण्याच्या बाटलीखाली ठेवलेले दिसले. त्यात कमी होते. मी मोजले आणि गप्प बसले, कारण पुन्हा तेच 'जाऊ दे' ऐकायची ताकद नव्हती. त्या शब्दाचीही मला आता किळस येते.

पाचवाला आता पैशात बसेना. मग मी त्याच पिढीचा तीनवाला ऑनलाइन मागवला, मदरबोर्ड मात्र ठरवलेलाच घेतला. मशिन स्वतः जोडलं, खोलीत फरशीवर पुठ्ठा अंथरून. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण असतो, तो सॉकेटवरच्या खुणेशी जुळवला की चिप आपोआप बसते, दाबावी लागत नाही. नवऱ्यानं मोबाईलचा टॉर्च धरला होता. मशिन पहिल्या झटक्यात चालू झालं. ट्रक आता वळणावर थांबत नाही. चित्राची स्पष्टता थोडी कमी ठेवावी लागते, तेवढंच.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितलीही नसती. पण पावसाळ्यानंतर क्लासमध्ये लोणीची एक मुलगी आली. नोकरीला लागून वर्ष झालेलं, पहिल्या पगारापासून साठवून गेमसाठी कॉम्प्युटर घेतलेला. तो सारखा बंद पडत होता. "तुमाला समजतं असं ऐकलं, मॅडम," ती म्हणाली. "आणि तुमी पण आळेफाट्याहूनच घेतलाय ना. तुमच्या दिरांनी सांगितलं, आमच्या वहिनींनी पण तिथूनच घेतला, लई झकास चालतोय. म्हणून तर मी घेतला."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. तिनं तेच सांगितलं.

पुढच्या सुट्टीला मी लोणीला गेले आणि तिच्या मशिनवर ते बटण दाबलं. तोच जुना सातवाला. डबा उघडून पाहिला, तर पेस्ट चारी बाजूंनी बाहेर आलेली. कदाचित मी नाकारलेलीच चिप असेल, कदाचित तसलीच दुसरी. मी तिला सगळं सांगितलं. दुकानदाराचं, दिरांचं, आदल्या दिवशी दिलेल्या वाट्याचं. तिच्या आईसमोर सांगितलं. मग तिचं मशिन घेऊन आम्ही दोघी आळेफाट्याला गेलो. दुकानात गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्यासमोरच ते पान उघडून, हे कसं बघायचं ते मोठ्यानं शिकवायला सुरुवात केली, क्लासमध्ये शिकवते तसं. एका माणसानं विचारलं, "माझं पण बघता का, ताई?" दुकानदारानं अर्धे पैसे लगेच दिले आणि मशिन ठेवून घेतलं. उरलेले अजून आलेले नाहीत.

बातमी आमच्या घरी माझ्याआधी पोचली होती. सासूबाई म्हणाल्या, मी घराची अब्रू आळेफाट्याला मांडली. दीर म्हणाले, "माझा धंदा बसवला तुमी." नवरा या वेळी 'जाऊ दे' म्हणाला नाही. "माल खपवायला हिचं नाव कशाला घेतलंस?" एवढंच त्यानं भावाला विचारलं. दीर ताटावरून उठले नाहीत, जेवत राहिले.

लोणीच्या मुलीला मी तीनवालाच घ्यायला लावला. तो आम्ही दोघींनी मिळून बसवला.

दीर अजून आमच्याकडेच जेवतात. मी पातेलं मधे ठेवते आणि ज्याचं त्यानं वाढून घ्यावं म्हणते. सासूबाईंना ते आवडत नाही. पण पळी दिरांच्या ताटाकडे नेली, की हात मागे येतो, अजूनही.