उंबऱ्यावरच्या चपला

दोन हजार तेवीस साल, आश्विन महिना. पाऊस उघडला होता. कारखान्यांच्या वाटेवर ऊसतोड्यांच्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. तेव्हा जे घडलं, त्याच्या मागचेपुढचे सगळे किस्से माझ्या डोक्यात साचून राहिलेत. कॉम्प्युटरमध्ये धूळ साचते तसे. पंखा फिरतोय तोवर कुणाला पत्ता नसतो.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचा शिपाई. शिक्षण सातवी. पोरं मामा म्हणायची. दारात माझी खुर्ची आणि डोक्यावर नियमांचा फलक. फलक शोभाताईंनी लिहिलेला. त्या लॅब असिस्टंट. हातकणंगल्याहून रोज यायच्या. नवरा लवकर गेला. घरी सासू आणि शाळेतली मुलगी. नोकरी कंत्राटी, दर वर्षी नवी ऑर्डर आली तरच पुढे चालू. अक्षर मात्र असं की नियम मोडताना माणसाला लाज वाटावी.

*

पहिला नियम, चपला बाहेर.

एकदा संस्थेतले एक बडे गृहस्थ लॅब बघायला आले. पायात करकर वाजणारं कापशी पायताण. मी म्हणालो, पायताण बाहेर काढा. ते थांबले. वरपासून खालपर्यंत माझ्याकडे बघितलं.

"मला वळखतोस का?"

"वळखतो की. म्हणून तोंडानं सांगतोय. दुसऱ्यांची मी नुसती भिरकावतो."

काढलं त्यांनी.

*

दुसरा नियम, खाणं नाही, पाणी नाही.

गडहिंग्लजकडचा एक पोरगा तक्रार घेऊन आला. कीबोर्ड खराब आहे, बटणं दाबली जात नाहीत. शोभाताईंनी विचारलं, काही खाल्लंस का? तो म्हणाला, आईशप्पथ न्हाय. ताईंनी टेबलावर कागद पसरला, कीबोर्ड पालथा धरला आणि दोन थापा मारल्या. कुरमुरे पडले, शेंगदाणे पडले, तळलेला लसूणही पडला. अख्खं भडंग.

ताईंनी कागदाची पुडी बांधून त्याच्या हातात दिली.

"कांदा तेवढा न्हाय सापडला. तो घरनं घाल."

पाण्याच्या बाबतीत तर त्या माझ्यापेक्षा कडक होत्या. प्राचार्यांची बाटलीसुद्धा त्यांनी दारात ठेवायला लावली होती.

*

तिसरा नियम, आपला पासवर्ड दुसऱ्याला देऊ नये.

कागलचे दोन दोस्त. एकाने दुसऱ्याला पासवर्ड दिला. पुढे क्रिकेटवरून भांडण झालं आणि दुसऱ्याने आत शिरून याचा सगळा प्रोजेक्ट पुसून टाकला. मी असतो तर दोघांनाही हाकललं असतं. ताईंनी दोघांना शेजारी बसवलं. एकाने सांगायचं, दुसऱ्याने टाईप करायचं.

"पासवर्ड म्हंजे घराची किल्ली," त्या म्हणाल्या. "दोस्ताला जेवायला बोलवावं. किल्ली देऊ न्हाई."

चार दिवसांनी दोघे एकाच गाडीवरून घरी जायला लागले. टायपिंग अजून अर्धं राहिलं होतं.

ताईंनी कधी कुणाला काढलं नाही.

*

ताईंना घेताना मात्र कमिटी नको म्हणत होती. शिक्षणात खंड, अनुभव नाही, घरची जबाबदारी. मी चहा घेऊन आत उभा होतो. विभागप्रमुख माने सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "हिला घ्या. काम जमलं न्हाय तर आधी मला काढा."

सरांचा आवाज मोठा. ताई बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना शब्दन् शब्द ऐकू गेला.

*

आता खंडेनवमी.

माने सर दर वर्षी लॅबची पूजा करायचे. म्हणायचे, शेतकऱ्याचं आऊत तसं आपलं मशीन. मशीनला लांबून हळदकुंकू, फूल, आणि नारळ बाहेर उंबऱ्यावर. ही पद्धत ताईंनीच घालून दिली होती.

त्या वर्षी आतल्या खोलीत पोरांचं प्रॅक्टिकल चालू होतं. बाहेरच्या खोलीत, सर्व्हरपाशी, आम्ही तिघंच. सर नारळ घेऊन दाराकडे गेले आणि थबकले. उंबऱ्यावर चपलांचा ढीग. मीच काढायला लावलेल्या. चपलांत देवाचा नारळ कसा फोडायचा? सर वळले. समोर लोखंडी रॅक दिसला. ताई "सर, बाहेर" म्हणेपर्यंत त्यांनी रॅकच्या कडेवर नारळ आपटला.

पाणी सर्व्हरमध्ये गेलं. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. बारीक चटचट झाली, जळका वास आला आणि आतल्या खोलीतून पोरं ओरडली, "मॅडम, समदं गेलं!"

शेवटच्या वर्षाच्या पोरांची कामं गेली. चौकशी बसली.

मी प्राचार्यांकडे निघालो. ताईंनी जिन्यात गाठलं.

"मामा, कुठं निघालासा?"

"बघितलं ते सांगाय."

"सरांस्नी रिटायर व्हायला वरीस राहिलंय. पेन्शन अडकंल त्यांची."

"आणि तुमची ऑर्डर? पोरगीची शाळा?"

त्यांनी माझी वाट अडवली. मग म्हणाल्या, "मामा, तुमास्नी माझी आन हाय."

मी माघारी येऊन खुर्चीवर बसलो.

*

ताईंना घेताना बसली होती त्याच खोलीत कमिटी बसली. चहा मीच नेला.

त्यांनी ताईंना विचारलं, लॅबमध्ये पाणी न्यायचं नाही, हा नियम कुणी लिहिला? ताई म्हणाल्या, मी. मग नारळ आत कुणी फोडला?

माने सर समोरच बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला. तोंड उघडलं.

ताई आधी बोलल्या. "मी फोडला."

सरांनी तोंड मिटलं.

*

पुढची ऑर्डर आली नाही.

शेवटच्या दिवशी पोरं गेल्यावर ताईंनी एकेक मशीन बंद केलं. फलकावरचा शेवटचा नियम तोच, जाताना मशीन बंद करून जावे. त्यांनी खुर्च्या आत सारल्या, पडदे ओढले.

माने सर दारात आले. उंबरा मोकळा होता. त्यांनी बूट काढले आणि आत गेले.

ताईंनी लॅबची किल्ली त्यांच्या हातात दिली.

"सर, माझ्यावरचं तुमचं देणं फिटलं."

सरांनी किल्ली घेतली.